येणाऱ्याचा ठिपका

कलिंगड घेताना माणूस ते थापटून बघतो, कानाशी नेतो, फार तर एक फोड कापून दाखव म्हणतो. अच्युत पेडणेकर कलिंगडवाल्याच्या तोंडाकडे बघून विचारायचा, "पुढे चालेल का?"

"साहेब, सावलीत ठेवलंत तर दोन दिवस चालेल."

"दोन दिवसांचं नाही विचारत. पुढे. पुढे चालेल का?"

कलिंगडवाला माझ्याकडे बघायचा. मी आभाळाकडे.

चपलांचं तेच, छत्रीचं तेच. वाकोल्याच्या नाक्यावर एक नवा न्हावी बसायला लागला होता. अर्धी दाढी झाल्यावर अच्युतनं त्याला विचारलं, "तुमचं दुकान पुढे चालेल ना?" त्या बिचाऱ्यानं वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, "साहेब, आज पहिलाच दिवस आहे हो. असं नका बोलू." उरलेली अर्धी दाढी अच्युतला घरी येऊन करावी लागली.

मी चौथी शिकलेला माणूस. उभी हयात गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर गेली, शेवटची बारा वर्षं जॉबर, म्हणजे साचेवाल्यांवरचा मुकादम होतो. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण आमच्या चाळीत अच्युतला अजून अर्धवट म्हणतात. बरीच वर्षं मीही म्हणायचो, आणि माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता. मोठ्यानं बोललेलं चुकलं असेल तर तेही मोठ्यानंच सांगायला पाहिजे, म्हणून बसलोय लिहायला.

चाळ विमानतळाच्या इतकी जवळ की उतरणाऱ्या विमानाची चाकं दिसतात. त्यामुळे आमच्यात एक रीत पडून गेलीय. विमान आलं की बोलणारा जिथल्या तिथे थांबतो, तोंड तसंच उघडं, हात तसाच वर. विमान गेलं की पुढचा शब्द. भांडणंसुद्धा अशीच होतात. "तुझ्या बापानं..." मग विमान. मग, "कधी नळ बघितला होता काय!" सगळ्यांना सवय आहे. अच्युतचं मात्र निराळं. विमान आलं की तो त्याच्याबरोबर जायचा. आवाज विरला तरी परत यायचा नाही. डोळे उघडे, चेहरा कुठेतरी ढगात. मग सावकाश उतरायचा आणि भलतंच वाक्य बोलायचा.

त्याची खोली आमच्या समोर. दाराला दार, मध्ये दोन हातांचा पॅसेज, पॅसेजच्या एका टोकाला जिना आणि दुसऱ्या टोकाला आभाळ. वय चाळिशीच्या पुढे, लग्न नाही, आई गेल्यापासून एकटा. उंच, मान एका बाजूला कललेली, चालणं गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखं. मरोळला एका औषधांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर होता. तेव्हा चाळीत कुणी कॉम्प्युटर बघितलेला नव्हता. बायकांना वाटायचं तो भविष्य सांगतो. पुरुषांना वाटायचं तो पंखे दुरुस्त करतो.

एकदा मी त्याला दम दिला. "मला समजेल असं सांग, नाहीतर उगाच कॉम्प्युटर कॉम्प्युटर करू नकोस."

"काका, मशीन म्हणजे नुसतं लोखंड," तो म्हणाला. "आत एक सिस्टिम असते. ती मशीनला उठवते. कुणी कुठे बसायचं, कुणाला कधी काम द्यायचं, ते ती ठरवते."

"म्हणजे जॉबर."

"आणि आम्ही जे प्रोग्राम लिहितो, ते तिच्या हाताखाली काम करतात."

"म्हणजे साचेवाले. मग गोची कुठे आहे?"

"सिस्टिम बदलली की जुने प्रोग्राम चालत नाहीत."

"कसे चालतील? जॉबर बदलला की त्याची माणसं बाहेर. नवा जॉबर आपल्या गावची माणसं आणतो. ह्यात नवीन काय सांगितलंस?"

त्या दिवसापासून तो मला मानायला लागला. ऑफिसात म्हणे त्याच्या साहेबाला हे कळायला सहा महिने लागले होते.

त्याचे जॉबर तीन. एक सीपीएम. त्याच्या ऑफिसातल्या मशीनवर तोच होता, आणि अच्युतची सहा-सात वर्षं त्याच्या हाताखाली गेलेली. दुसरा डॉस. हा नवा, आडदांड, ज्याच्या त्याच्या ऑफिसात घुसत चाललेला. तिसरा युनिक्स. तो म्हणे खानदानी, मोठमोठ्या बँकांत उतरणारा, ऐऱ्यागैऱ्याकडे न जाणारा. सीपीएमचे दिवस भरले हे अच्युतला दिसत होतं. आता पुढचं आयुष्य डॉसच्या पायाशी घालायचं की युनिक्सच्या, एवढाच प्रश्न. ह्याच्याही आधी कार्डांवर चालणारं एक मशीन होतं, ते गेलं तेव्हा त्याचं सगळं लिहिलेलं त्याच्याबरोबर भंगारात गेलं होतं. एकदा पोळलेला माणूस. ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

सोमवारी ठरायचं, डॉस. बुधवारी म्हणायचा, "काका, युनिक्सचं खोड पक्कं आहे." शुक्रवारी परत डॉस. दोघांचीही पुस्तकं आणली, दोघांनाही सारखी खाकी कव्हरं घातली, एकाला वाईट वाटू नये म्हणून.

कोण वर चाललाय आणि कोण खाली, हे ओळखायची त्याची तऱ्हा ऐका. हा माणूस चणे-शेंगदाण्याच्या पुड्या बघायचा. "जे मशीन मरतं, त्याचं पुस्तक रद्दीत जातं," तो सांगायचा. "आणि रद्दी चणेवाल्याकडे." शनिवारी अर्धा दिवस सुटला की मरोळ, चकाला, अंधेरी असा पायी फिरायचा आणि दिसेल त्या चणेवाल्याकडून एक पुडी घ्यायचा. शेंगदाणे खिशात ओतायचा, कागद उलगडून वाचायचा. घरी आला की दाराच्या मागे खडूनं रेघ मारायचा. तीन नावं, तीन रांगा. सीपीएमच्या नावाखाली रेघा वाढतच चालल्या, म्हणजे तो मरतच चालला. शेंगदाणे मात्र सगळे आमच्या घरी यायचे. आमच्या हिनं त्या काळात इतकी शेंगदाण्याची चटणी केली की मला डाव्या कुशीवर झोपता येईना.

त्याला मुलीही सांगून आल्या. कणकवलीकडची एक फार चांगली होती. मुलीच्या बापानं विचारलं, "नोकरी कायम आहे ना?" अच्युत म्हणाला, "मी कायम आहे. मशीन कायम नाही." मग ह्यानं मुलीला सांगितलं, "चित्र जरा स्पष्ट होऊ दे, मग ठरवू." तिनं दोन वर्षं वाट बघितली. चित्र स्पष्ट झालं तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं.

आणि एक खोड होती. रोज सकाळी ऑफिसला निघताना तो आमच्या दारासमोर उभा राहायचा. आमची ही पहाटे उठून, नळाला पाणी यायच्या आधी, दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची. ते तिचं माहेराहून आणलेलं वेड. रोज निराळी. अच्युत मान कलती करून बघत राहायचा, ओठ हलायचे, मग बसच्या तिकिटावर काहीतरी खरडायचा. मी एकदा गुरकावलो, "माझ्या दारात रोज काय बघतोस रे?"

"ठिपके मोजतो, काका."

"मग? बरोबर आहेत का?"

"तेच बघतो."

ही हसायची. "बघू देत त्याका. तुम्ही तरी खंय बघतास?" आमची ही मालवणकडची, मुंबईत आयुष्य गेलं तरी बोली सोडली नाही. मग त्याला म्हणायची, "ये रे झिला, आत बस, चाय घेऊन जा." तो घड्याळ बघायचा. "उद्या, काकी." रोज उद्या. दोघं दारात उभ्याउभ्याच काहीबाही बोलायची. मी आत रेडिओ लावून बसायचो. मला काय, एक अर्धवट आणि एक माझी बायको.

मग हिचे गुडघे गेले आणि रांगोळी बंद झाली. मग किडनी गेली. शेवटचे चार महिने खाट दाराजवळ ओढून घेतली होती, तिला पॅसेजच्या टोकाचं आभाळ दिसावं म्हणून. अच्युत येता-जाता उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. आत नाहीच. आणि एके दिवशी दुपारी, विमान जात असताना, ही गेली. आवाज संपला तेव्हा मला वाटलं आता पुढचा शब्द बोलेल. आमच्याकडे तशीच रीत आहे ना.

त्यानंतरचं सांगण्यासारखं काही नाही. माणसं म्हणाली, काका, बाहेर पडा, देवळात जा. मी म्हटलं, तुम्ही जा. मी खुर्ची दारात टाकून बसायचो, समोरच्या उघड्या फरशीकडे बघत. आणि मला एक गोष्ट लागून राहिली. इतकी वर्षं तिनं तिथे रांगोळी काढली. तिन्ही पाळ्या केल्या मी, पहाटे जाताना ती ओलांडून गेलो, कधी घाईत तुडवूनही गेलो. आणि आता डोळे मिटले तर मला एकही आठवत नव्हती. मोर होता, तुळस होती, एवढं ठाऊक. पण कशी होती? कुठून कुठे रेघ जायची? काही नाही. डोळ्यांसमोर फक्त फरशी. बाईचा चेहरा आठवतो, हात आठवतात, पण त्या हातांनी रोज काय केलं ते आठवत नाही, असला मी नवरा.

अच्युत त्या दिवसांत माझी नजर चुकवायचा. मला वाटलं, बरं झालं.

वर्ष उलटून गेलं असेल. एका शनिवारी दुपारी जिन्यावर टपटप आवाज आला. अच्युत वर येत होता. हातात उलगडलेली पुडी, आणि शेंगदाणे एकेक करून पायऱ्यांवरून खाली उड्या मारत चाललेले. त्याला पत्ता नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"काय रे, युनिक्स मेला काय?"

त्यानं कागद माझ्या हातात दिला. इंग्रजी छापलेलं पान, ते मला काय कळणार. पण कडेला पेन्सिलीनं मराठीत लिहिलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात. मी चष्मा लावला. 'काकी. मोर. पंधरा ठिपके, पंधरा ओळी.'

"माझी बायको," मी म्हटलं, "शेंगदाण्याच्या पुडीवर काय करतेय?"

मग तो बोलायला लागला. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून, माझ्याकडे न बघता. कंपनीनं त्याला पंधरा दिवस दुसऱ्या कारखान्यात पाठवलं होतं. तेवढ्यात इकडे जुनं मशीन काढून टाकलं, त्याच्या पुस्तकांसकट. हा आज परतला, नाक्यावर सवयीनं पुडी घेतली, आणि पुडीत त्याचंच पुस्तक. अशी त्याला बातमी कळली.

"आणि त्या मशीनवर काकींच्या रांगोळ्या होत्या," तो म्हणाला.

पाच वर्षं तो तिकिटांवर ठिपके उतरवून नेत होता. जेवणाच्या सुट्टीत ते मशीनला शिकवत होता. नंबर सांगायचा, मशीन रांगोळी काढणार. दोनशेच्या वर होत्या. मोठाल्या चौकोनी फ्लॉप्यांवर भरून घरी ठेवलेल्या, पण त्या वाचणारं मशीन तेवढं एकच. डॉसला त्या वाचता येत नाहीत, युनिक्सला येत नाहीत.

"काकींना मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, माका दाखव मरे एकदा. मी म्हटलं, हे मशीन आता जाणार, नव्या सिस्टिमवर घालतो, मग दाखवतो, कायमचं राहील. आणि मग मी..."

विमान आलं. मी त्याच्याकडे बघत होतो. ह्या वेळी तो विमानाबरोबर गेला नाही. आम्ही सगळे थांबतो तसा थांबला, तोंड तसंच उघडं ठेवून. विमान गेलं.

"...थांबलो," तो म्हणाला. "डॉस की युनिक्स, बघत थांबलो. काकी थांबल्या नाहीत."

मला त्याला शिवी द्यायची होती. चांगली गिरणीतली होती तोंडात. पण मी तरी कुठे बघितली होती? ह्यानं निदान मोजल्या.

"मशीन कुठे गेलं?" मी विचारलं.

"भंगारात."

"भंगारात म्हणजे कुठे? लोखंड आहे, हवेत नाही जात. ऊठ."

सोमवारी त्यानं ऑफिसात चौकशी केली. मशीन भंगारवाल्याकडे पोचलंच नव्हतं. प्रिंटर दुरुस्त करायला एक डॉम्निक म्हणून मेकॅनिक यायचा, गोराईचा. त्यानं ते प्रिंटरसकट मागून घेतलं होतं आणि होडीत घालून घरी नेलं होतं. का, तर म्हणे चांगलं मशीन असं फेकताना बघवलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. अच्युतच्या काखेत पत्र्याचा चौकोनी बिस्किटांचा डबा. तो डबा मी ओळखला. हिनं कुठल्याशा दिवाळीत त्याला चकल्या घालून दिला होता आणि कधी परत मागितला नव्हता. त्यात फ्लॉप्या. एकेकीवर चिठ्ठी. काकी एक, काकी दोन, काकी तीन.

बोरिवलीहून बसनं खाडीवर आलो. धक्क्याला दोन होड्या, एक इंजिनाची, एक वल्ह्याची. इंजिनाचीत माणसं, कोंबड्या, सायकली. वल्ह्याचीत एक म्हातारा नाखवा आणि एक म्हातारी. अच्युत दोहोंच्या मध्ये उभा. एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे.

"तांडेल," तो इंजिनवाल्याला म्हणाला, "ही होडी पुढे..."

"नाय, मागं चालते!" इंजिनवाला ओरडला. "बसतो का नाय? भरती काय तुजी वाट बघंल?"

मी अच्युतच्या कॉलरला धरलं आणि जी जवळ होती तिच्यात बसवलं. वल्ह्याची निघाली. इंजिनाची होडी फट्फट् करत पुढे गेली, मग तिचा आवाज गेला, मग नुसतं पाणी. दोन्ही बाजूंना तिवरं, त्यांची मुळं पाण्यातून बोटांसारखी वर आलेली, आणि ऊन असं पसरलेलं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळू नये. नाखवा वल्हं मारायचा आणि मधेच विसरायचा. कुणालाच घाई नव्हती. मला कितीतरी दिवसांनी झोप आली. म्हटलं, ही बाजूला बसलीय आणि आम्ही गावाला चाललोय.

"काका," अच्युत पुटपुटला, "चुकीची होडी धरली का?"

"गप बस. पोचते ती होडी बरोबर."

डॉम्निकच्या अंगणात बोंबील वाळत घातलेले. मशीन पुढच्या खोलीत, क्रुसाच्या खाली, वर मेणकापड. अच्युतनं ते मेणकापड उचललं आणि चादर काढून आजारी माणसाला बघावं तसं बघितलं.

"खारी हवा बाधलीय त्याला," डॉम्निक म्हणाला. "सर्दी झालीय. कवा उठतं, कवा नाय. आज तुमचं नशीब."

दात घासायच्या ब्रशला स्पिरिट लावून त्यानं मशीनचं पोट साफ केलं. बटण दाबलं. मशीन घरघरलं, उठलं. पहिली फ्लॉपी घातली, पडद्यावर नुसता कचरा. काकी एक गेली. दुसरी घातली. तीही गेली. अच्युत तिसरी हातात धरून उभा. मी म्हटलं, "घाल." घातली. मशीन बराच वेळ आतल्या आत कुरकुरलं, आणि पडद्यावर एक ओळ आली.

"नंबर विचारतंय," अच्युत म्हणाला. "काका, कुठली?"

आता काय सांगू? मला आठवत असती तर इथे आलो असतो का?

"कुठलीही. वरची काढ."

"वरची नको, ती मी बिघडवलेली आहे."

"मग तिच्या खालची काढ! अरे, मशीन झोपेल परत!"

त्यानं आकडा दाबला. प्रिंटर टर्रर्र करून दचकला आणि कागद वर यायला लागला. एक ओळ, मग दुसरी. ठिपक्याला ठिपका, रेघेला बारीक फुल्या. साच्यावर कापड उतरतं तसं उतरत होतं, आणि कापड उतरताना बघायला मला कुणी शिकवायला नको. तुरा आला, मान आली. मोर. मान मागे वळवून स्वतःचा पिसारा बघणारा मोर. आणि मला हिचा हात दिसला. मानेच्या वळणाशी ती चिमूट जरा उचलायची, श्वास घ्यायची, मग पुढे. हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की! कधी बघितलं होतं देव जाणे, ओलांडता ओलांडता बघितलं असणार.

डोळे पुसले आणि जुनी सवय वर आली. आयुष्यभर कापडातला दोष हुडकणारी नजर. उजव्या कोपऱ्यात एक ठिपका सुटा राहिला होता. त्याला रेघच नव्हती.

"हे बघ, इथे चुकलास," मी म्हटलं.

"नाही काका. प्रत्येकीत आहे तो. ह्या फ्लॉपीतल्या वरच्या रांगोळीत तो पहिल्यांदा डोळ्यात आला, मलाही वाटलं, काकी विसरल्या. मी तो जोडून टाकला. म्हणून ती बिघडलेली. मग दुसऱ्या दिवशी परत एक सुटा, तिसऱ्या दिवशी परत. शेवटी विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, एक ठिपको येणाऱ्याचो. सगळे जोडून टाकले तर येणाऱ्याक जागा खंय?" अच्युत कागदाकडे बघत होता. "मी विचारलं, कोण येणार? तर म्हणाल्या, आता तू इलंस ना दारात? मगे तुजो."

डॉम्निक उगाच बाहेर जाऊन बोंबील उलटे करायला लागला.

रांगोळ्या येत राहिल्या. तुळस, कासव, एक कसलीशी वेल, जी बहुतेक हिलाच ठाऊक. तेवीस निघाल्या. चोविसावीच्या मध्यावर मशीननं एक उसासा टाकला आणि पडदा काळा झाला. डॉम्निकनं पुन्हा ब्रश चालवला, बटण दाबलं, कानशिलात मारतात तशी एक चापटही मारली. मग क्रुसाकडे बघून म्हणाला, "संपला बिचारा."

मला वाटलं, आता हा कोसळणार. पावणेदोनशे रांगोळ्या त्या डब्यात तशाच राहिल्या होत्या. पण अच्युतनं मशीनवर मेणकापड नीट घातलं, कडा दुमडल्या आणि म्हणाला, "तेवीस आल्या."

परतताना तीच वल्ह्याची होडी. ऊन कललेलं, खाडी पितळी तांब्यासारखी. कागदाची घडी माझ्या मांडीवर.

"सोमवारपासून डॉस शिकायला घेतो," तो म्हणाला.

"पुढे चालेल का?"

त्यानं हात पाण्यात सोडला. "नाही चालणार," तो म्हणाला. "चालतोय तोवर चालेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हिचा रांगोळीचा डबा शोधून काढला. तांदळाच्या पिंपामागे होता. मोराचा कागद समोर ठेवला, उकिडवा बसलो, गुडघे बोंबलले. ठिपके जमले, रेघा जमेनात. ज्या हातानं हजार साचे हाकले त्याला चिमूटभर पांढरी पूड आवरेना. मोराचं बदक झालं. मानेपाशी तर दारू प्यायल्यासारखी रेघ गेली. पण काढला.

समोरचं दार उघडलं. अच्युत, हातात जेवणाचा डबा, ऑफिसला निघालेला. मान कलती केली. ओठ हलायला लागले.

"काका, चार ठिपके सुटे राहिलेत."

"राहू देत. चौघं येतील."

वरून विमान आलं. तो तिथेच थांबला, मी इथे, मध्ये ते बदक. विमान गेलं. मी वाट बघत होतो की आता हा घड्याळ बघेल.

त्यानं डबा खाली ठेवला. चपला काढल्या. एकही ठिपका न मोडता, लांब लांब टांगा टाकत, रांगोळीच्या कडेकडेनं आला, उंबरा ओलांडला आणि आत जाऊन हिच्या खाटेवर बसला. गुडघ्यांवर हात ठेवून, पाहुण्यासारखा.

"चहा टाका," म्हणाला.